नाव, चित्र आणि न्यायालय : पुरुषनग्नाच्या छायाचित्रणाचा इतिहास

१

छायाचित्रणाची विद्या १८३९ साली जगासमोर आली. त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८४० मध्ये, इपोलित बायार ह्या पॅरिसमधील गृहस्थाने स्वतःचेच एक चित्र काढले. कमरेपर्यंत उघडा, डोळे मिटलेला, एका बाजूस कललेला असा एक पुरुष त्यात दिसतो. हा मनुष्य निजला आहे, आजारी आहे, की स्नान करून बसला आहे, हे केवळ चित्राकडे पाहून ठरविता येत नाही. ते ठरते चित्राच्या पाठीवरील मजकुरावरून. हे बायारचे प्रेत आहे; त्याने छायाचित्रणाची स्वतंत्र रीत शोधून काढली; सरकारने दागेरला भरपूर दिले आणि ह्याच्या पदरी काहीच पडले नाही; म्हणून ह्या अभाग्याने पाण्यात उडी घेतली, अशा आशयाचा तो मजकूर खुद्द बायारनेच लिहिलेला आहे. ह्या 'मृत्यू'नंतर बायार सुमारे सत्तेचाळीस वर्षे जगला.

उघड्या पुरुषदेहाच्या अगदी आरंभीच्या छायाचित्रांपैकी हे एक. त्याचा अर्थ चित्रात नसून चित्राला जोडलेल्या शब्दांत आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. पुरुषनग्नाच्या छायाचित्रणाचा, व विशेषतः पुरुषाला पुरुषाविषयी वाटणाऱ्या अनुरागातून निर्माण झालेल्या छायाचित्रांचा इतिहास सामान्यतः कलेचा किंवा नीतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो नावांचा इतिहास म्हणून पाहावयाचा आहे. ह्या चित्रांना त्या त्या काळी कोणत्या नावाखाली वावरता आले, त्या नावाने त्यांना कोणते संरक्षण दिले, आणि त्या संरक्षणाचे मोल कोणाला मोजावे लागले, असे तीन प्रश्न येथे आहेत.

२

पहिले नाव चित्रशाळेने दिले. फ्रान्समधील कलाविद्यालयांत नग्न मानवाकृती समोर ठेवून रेखाटन करण्याचा परिपाठ होता, आणि अशा अभ्यासचित्राला 'अकादेमी' असेच म्हणत. संस्थेचे नाव त्या संस्थेत चालणाऱ्या अभ्यासाच्या विषयाला लागले. आपल्या शास्त्रात ह्यालाच लक्षणा म्हणतात. छायाचित्रण आल्यावर हेच नाव नग्न छायाचित्रांनाही मिळाले. चित्रकार देलाक्रवा ह्याने १८५४ मध्ये द्युरिये नामक छायाचित्रकाराकडून स्त्रीपुरुष नमुनादर्शकांची नग्न छायाचित्रे काढवून घेतली, त्यांच्या देहस्थिती स्वतः ठरवून दिल्या, आणि पुढे त्यांवरून कित्येक रेखाटने केली. 'चित्रकारांच्या उपयोगासाठी' ह्या नावाखाली अशी चित्रे विकली जाऊ लागली. विकत घेणारा प्रत्येक जण चित्रकार होता, असे मात्र मुळीच नाही.

दुसरे नाव विज्ञानाचे. एडवर्ड मायब्रिज ह्याने फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आश्रयाने चालणे, धावणे, उडी मारणे, कुस्ती खेळणे इत्यादी हालचालींची क्रमवार छायाचित्रे घेतली व १८८७ मध्ये ती ७८१ फलकांत प्रसिद्ध केली. त्यांतील कितीतरी फलकांवर पुरुष पूर्ण नग्न आहेत. काहींत खुद्द मायब्रिजच आहे. विद्यापीठाचे नाव आणि 'गती' हा शब्द ह्या दोहोंमुळे हे फलक प्रतिष्ठित ग्रंथालयांत जाऊन बसले. त्याच शहरात, त्याच सुमारास, टॉमस ईकिन्स ह्या चित्रकाराने आपल्या विद्यार्थ्यांची नग्न छायाचित्रे काढली होती. स्त्रीविद्यार्थिनी असलेल्या वर्गात त्याने एका पुरुष नमुनादर्शकाचे कटिवस्त्र दूर केले, ह्या कारणावरून १८८६ मध्ये त्याला कलाविद्यालयातील पद सोडावे लागले. एकाच शहरात, एकाच दशकात, एकाच प्रकारच्या देहदर्शनाला एका दारी मान आणि दुसऱ्या दारी अपमान मिळाला. मायब्रिजपाशी जे विज्ञानाचे नाव होते, ते ईकिन्सला त्या वर्गात उपयोगी पडले नाही.

तिसरे नाव प्राचीन ग्रीसचे. व्हिल्हेल्म फॉन ग्लोडेन (१८५६–१९३१) हा जर्मन छायाचित्रकार सिसिलीतील ताओर्मिना गावी स्थायिक झाला. तेथील कोळ्याशेतकऱ्यांच्या मुलांना पानाफुलांचे मुकुट घालून व हाती मातीचे घट देऊन त्याने जी चित्रे काढली, ती यात्रेकरू व कलारसिक 'प्राचीनांचे दर्शन' म्हणून विकत घेत. ह्या चित्रांविषयी लिहिताना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितलीच पाहिजे. चित्रांतील कित्येक मुले अल्पवयीन होती, ती गरीब होती, आणि कॅमेऱ्यामागे उभा असलेला मनुष्य धनवान परदेशी होता. ग्रीसच्या नावाने ह्या विषमतेवर पांघरूण घातले, आणि ते नाव आदरणीय असल्यामुळे कलेतिहासकारांनीही फार काळ ते उचलून पाहिले नाही. ग्लोडेनच्या मृत्यूनंतर फॅसिस्ट राजवटीत त्याच्या काचेच्या पट्ट्या जप्त झाल्या व त्यांतील बऱ्याच नष्ट करण्यात आल्या. पोलिसांना खुपली ती चित्रांतील अश्लीलता. त्या मुलांवर झालेला अन्याय त्यांच्या विचारात आला असे दिसत नाही. संरक्षण देणारे नाव नेहमी दुर्बळाचेच रक्षण करते असे नाही, हे ह्यावरून ध्यानात यावे.

चौथे नाव व्यायामाचे. युजेन सँडो (१८६७–१९२५) ह्याने अंगावर नाममात्र आवरण ठेवून, कधी केवळ एका पानाचा आडोसा घेऊन, आपल्या पिळदार देहाची छायाचित्रे काढवून घेतली व ती हजारोंनी खपली. 'शरीरसंवर्धन' ह्या शब्दाने पुरुषाला दुसऱ्या पुरुषाचा देह निरखून पाहण्याची राजरोस मुभा मिळाली. पाहणारा आता ग्राहक किंवा रसिक न राहता साधक झाला. सँडोने १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानचा दौरा केला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांकडे वळण्यापूर्वी कित्येक वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत असत. मराठीत त्याचे नाव आजही रोजच्या वापरात आहे, ते 'सँडो बनियन' ह्या रूपाने. ज्या मनुष्याची कीर्ती वस्त्र उतरविण्याने झाली, त्याचे नाव आमच्या भाषेत एका वस्त्राला चिकटले, हा शब्दार्थाच्या प्रवासातील एक गमतीचा योग म्हणावा लागेल.

३

व्यायामाच्या ह्या नावाचा सर्वांत विलक्षण उपयोग दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत झाला. बॉब मायझर ह्याने १९४५ मध्ये लॉस एंजल्स येथे 'अ‍ॅथलेटिक मॉडेल गिल्ड' ही संस्था काढली व १९५१ पासून 'फिजीक पिक्टोरियल' हे छोटेखानी नियतकालिक चालविले. त्यापाठोपाठ अशी अनेक नियतकालिके निघाली. त्यांचा आकार खिशात मावण्याजोगा असे. आत लंगोटीएवढी पट्टी नेसलेल्या तरुणांची छायाचित्रे, खाली उंची, वजन व छातीचे माप, आणि मधूनमधून आरोग्यावर दोन शब्द असा एकंदर बेत असे. १९५५ मध्ये निघालेल्या 'ग्रीशियन गिल्ड पिक्टोरियल' ह्या नियतकालिकाने तर व्यायाम, ग्रीस आणि धर्मनिष्ठा ही तिन्ही नावे एकत्र गुंफली. सभासदांसाठी त्याने एक प्रतिज्ञाही छापली होती.

१८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने अश्लील मजकूर टपालाने पाठविणे हा गुन्हा ठरविला होता, त्यामुळे लंगोटीची पट्टी ही केवळ संकोचाची बाब नव्हती, ती कायद्याची सीमारेषा होती. मूळ चित्रात ती नसल्यास छायाचित्रावर शाईने रंगविण्यात येई. परंतु ज्या वाचकांसाठी ही नियतकालिके निघत, त्यांना ती काय आहेत हे ठाऊक होते. खेड्यातील किंवा लहान शहरातील एकाकी समलिंगी पुरुषाला आपल्यासारखे इतरही आहेत ह्याची पहिली खूण बहुधा टपालाने आलेल्या ह्या पुस्तिकेतूनच मिळत असे. पुढे मायझर आपल्या चित्रांच्या कडेला लहान लहान सांकेतिक चिन्हे छापू लागला. चित्रांतील तरुणांच्या स्वभावाविषयी त्यांतून काही सुचविलेले असे, आणि त्यांचा उलगडा जाणत्यांनाच होई. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर ह्या नियतकालिकांची अभिधा व्यायामाची होती व व्यंजना अनुरागाची. प्रकाशक आणि वाचक ह्यांच्यामधला करार व्यंजनेवर चाले, आणि कायद्याच्या दारात अभिधा उभी केली जाई.

ही व्यवस्था किती नाजूक होती, हे एका अध्यापकाच्या कथेवरून दिसून येते. न्यूटन आर्विन हे मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्मिथ कॉलेजात साहित्याचे प्राध्यापक होते. मेल्व्हिलवरील त्यांच्या ग्रंथाला १९५१ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार मिळाला होता. सप्टेंबर १९६० मध्ये पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली. त्या झडतीत अशी छायाचित्रे, ह्याच जातीची नियतकालिके व त्यांच्या रोजनिश्या सापडल्या. भयभीत अवस्थेत आर्विन ह्यांनी आपल्या दोन तरुण सहकाऱ्यांची नावे सांगितली. तिघेही दोषी ठरले. आर्विन ह्यांचे अध्यापन संपले. तरुण सहकाऱ्यांची नेमणूक कॉलेजने पुढे चालू ठेवली नाही. १९६३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघांची शिक्षा रद्द केली. आर्विन ह्यांचे त्याच वर्षी निधन झाले. चित्रे विकलेली नव्हती. ती एका वाचत्या मनुष्याच्या घरात, त्याच्या पुस्तकांच्या शेजारी होती. मुद्रकाला व विक्रेत्याला व्यायामाच्या नावाचा जो आडोसा मिळे, तो ह्या वाचकाला मिळाला नाही. कारण त्याच्या रोजनिश्यांनी त्या चित्रांची व्यंजना शब्दांत उतरवून ठेवली होती.

४

ह्याच काळात न्यायालयांनी ह्या प्रश्नाकडे नव्या दृष्टीने पाहण्यास आरंभ केला होता. आल्फ्रेड किन्सी ह्यांच्या संशोधनसंस्थेसाठी परदेशांतून मागविलेली कामविषयक चित्रे व पुस्तके अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने १९५० पासून अडवून ठेवली होती. त्या खटल्याचे नाव 'संयुक्त संस्थाने विरुद्ध ३१ छायाचित्रे' असे आहे. माणसाऐवजी चित्रेच प्रतिवादी होऊन उभी राहावीत, ही त्या कायद्याची भाषाच बोलकी आहे. १९५७ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, हे साहित्य केवळ संशोधकांच्या हाती जावयाचे असल्यामुळे त्यांच्या बाबतीत ते कामुकतेला आवाहन करते असे म्हणता येत नाही. म्हणजे अर्थ ठरविताना वाचक कोण हे पाहावयाचे, हे तत्त्व मान्य झाले. न्यूयॉर्कमधील ख्यातनाम छायाचित्रकार जॉर्ज प्लॅट लाइन्स (१९०७–१९५५) ह्यांनी आपल्या पुरुषनग्नांचा मोठा भाग किन्सी ह्यांच्याच संस्थेकडे सोपविला होता. हयातीत ज्या चित्रांना प्रदर्शनात जागा नव्हती, ती संशोधनाच्या नावाखाली टिकून राहिली.

तथापि हे तत्त्व दुधारी होते. वाचक संशोधक असल्याने चित्र निर्दोष ठरत असेल, तर वाचक समलिंगी असल्याने ते सदोष ठरविता येईल. नेमका हाच युक्तिवाद टपाल खात्याने पुढच्या खटल्यात केला. मार्च १९६० मध्ये व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथून शिकागोकडे निघालेल्या 'मॅन्युअल', 'ट्रिम' व 'ग्रीशियन गिल्ड पिक्टोरियल' ह्या नियतकालिकांच्या ४०५ प्रती खात्याने अडविल्या. प्रकाशक हर्मन लिन वोमॅक हे पूर्वी तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. 'मॅन्युअल एंटरप्रायझेस विरुद्ध डे' ह्या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व २५ जून १९६२ रोजी त्याचा निकाल लागला. सहा न्यायमूर्ती प्रकाशकाच्या बाजूने व एक विरुद्ध, असे मत पडले. परंतु बहुमताचे कारण एक नव्हते. तिघा न्यायमूर्तींच्या मते अशा प्रती अडविण्याचा अधिकारच टपालखात्याला नव्हता. चित्रांच्या स्वरूपाचा प्रत्यक्ष विचार केला तो न्यायमूर्ती हार्लन ह्यांनी, आणि त्यांच्या मताशी केवळ एक न्यायमूर्ती सहमत होते.

हार्लन ह्यांचा विचार भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळातून अभ्यासावा असा आहे. ही नियतकालिके जवळजवळ सर्वस्वी समलिंगी पुरुषच वाचतात, व्यायामाचे नाव हा देखावा आहे, आणि त्या वाचकांच्या मनात ती कामभावना जागृत करतात, हे खात्याचे म्हणणे त्यांनी खोडून काढले नाही. त्यांनी एक निराळाच प्रश्न उपस्थित केला. चित्र स्वतः, उघडपणे, समाजाच्या सभ्यतेला धक्का देणारे आहे काय? समाज स्त्रीनग्नाची जी चित्रे खपवून घेतो, त्यांहून ही चित्रे अधिक आक्षेपार्ह नाहीत, असे त्यांचे उत्तर होते. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर, केवळ व्यंजनेसाठी कोणालाही शिक्षा करता येणार नाही. दोष अभिधेतही दिसला पाहिजे, असा तो निवाडा झाला. हार्लन ह्यांना त्या नियतकालिकांविषयी यत्किंचितही आदर नव्हता, ती त्यांना हिणकसच वाटली. आदर नसतानाही समान माप लावणे ह्यातच त्या निर्णयाचे महत्त्व आहे.

ह्यानंतर नावांचा आडोसा हळूहळू अनावश्यक होत गेला. मिनियापोलिस येथील दोघा प्रकाशकांवरील खटला १९६७ मध्ये निर्दोष मुक्ततेत संपला, आणि पूर्ण पुरुषनग्नाची नियतकालिके टपालाने उघड जाऊ लागली. व्यायामाची मापे चित्रांखालून नाहीशी झाली. अभिधा व व्यंजना ह्यांतले अंतर मिटले, आणि त्याबरोबर ती जुनी नियतकालिकेही मागे पडली. कारण त्या अंतरावरच त्यांचा संसार उभा होता.

५

पुढील वादात आणखी एक नाव पुढे आले, ते म्हणजे कला. रॉबर्ट मॅपलथॉर्प मार्च १९८९ मध्ये वारला. त्याच्या १७५ चित्रांचे प्रदर्शन १९९० मध्ये सिनसिनाटी येथे भरले असता त्यांतील सात चित्रांवरून संस्था व तिचे संचालक ह्यांच्यावर खटला झाला. साक्षीला आलेल्या तज्ज्ञांनी रेषा, प्रकाश, रचना व समतोल ह्यांविषयी विवेचन केले, आणि ज्यूरीने आरोपींना निर्दोष ठरविले. निकाल स्वागतार्ह होता. परंतु त्या साक्षींमध्ये चित्रांतील अनुरागाविषयी बोलणे जवळजवळ टाळले गेले. 'अकादेमी'ने जे १८५४ मध्ये केले, तेच 'रचना' ह्या शब्दाने १९९० मध्ये केले.

मॅपलथॉर्पने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ब्लॅक बुक' ह्या ग्रंथात कृष्णवर्णीय पुरुषांची नग्नचित्रे आहेत. त्यांविषयी एक निराळा आक्षेप निघाला : ह्या पुरुषांना येथे देह आहे, पण वाचा आहे काय? ग्लेन लायगन ह्या कृष्णवर्णीय कलावंताने १९९१ ते १९९३ ह्या काळात त्या ग्रंथाची पाने सुटी करून भिंतीवर मांडली आणि त्यांच्यामध्ये अनेकांची परस्परविरोधी वचने लावली. चित्राला एकच अधिकृत नाव देण्याच्या परंपरेला दिलेले हे उत्तर होय. नायजेरियात जन्मलेला व लंडनमध्ये काम केलेला रोतिमी फानी-कायोदे (१९५५–१९८९) ह्याने योरुबा परंपरेतील प्रतीके घेऊन कृष्णवर्णीय पुरुषदेहाची जी चित्रे काढली, त्यांत पाहणारा व पाहिला जाणारा हे एकाच समाजातले आहेत.

प्रदर्शनगृहाबाहेर मात्र जुनी रीत अजून संपलेली नाही. २०१२ मध्ये व्हिएन्ना येथील लिओपोल्ड संग्रहालयाने पुरुषनग्नाचे मोठे प्रदर्शन भरविले. त्याच्या भित्तिपत्रकावर पिएर व जिल ह्या जोडीने काढलेले तीन नग्न फुटबॉलपटूंचे चित्र होते. नागरिकांच्या तक्रारी आल्यावर कित्येक भित्तिपत्रकांवर लाल पट्टी चिकटविण्यात आली. शाईने रंगविलेल्या लंगोटीचे हे एकविसाव्या शतकातील रूप होय.

६

आता आपल्याकडे वळू. मराठीत वस्त्रहीन पुरुषासाठी शब्दांची वाण नाही. उलट त्यांतील सूक्ष्म भेद लक्षणीय आहेत. 'उघडा' घरगुती आहे, 'नागडा' निंदेचा आहे, 'नग्न' ग्रंथातला आहे, 'विवस्त्र' वृत्तपत्रातला आहे आणि 'दिगंबर' पूजनीय आहे. देह एकच, शब्दागणिक पाहणाराची वृत्ती बदलते. बडोद्याहून १९३६ ते १९४९ ह्या काळात द. चिं. मुजुमदार ह्यांच्या संपादकत्वाखाली व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड प्रसिद्ध झाले. लंगोट कसलेल्या मल्लाकडे आमचा वाचक ब्रह्मचर्याच्या व बलोपासनेच्या शब्दांतून पाहत आला. टपाल खात्याने जप्त करावे असे त्यात कोणाला काही दिसले नाही. अमेरिकेतील नियतकालिके व आपले व्यायामविषयक ग्रंथ ह्यांतील भेद वस्त्राच्या लांबीत शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. तो भोवतालच्या शब्दांत आहे.

कायद्यानेही अखेर हेच मान्य केले आहे. मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी ह्यांच्या खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनची जुनी कसोटी स्वीकारली होती. ज्यांचे मन दूषित होऊ शकेल, अशा वाचकाच्या हाती पडल्यास ग्रंथाचा परिणाम काय होईल, असा तीत प्रश्न असे. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात त्याच न्यायालयाने ही कसोटी बाजूला सारली. तेथे वादाचा विषय एक नग्न छायाचित्रच होते. टेनिसपटू बोरिस बेकर व त्याची कृष्णवर्णीय वाग्दत्त वधू ह्यांच्या त्या चित्राचा विचार न्यायालयाने त्यासोबतच्या लेखासह केला, आणि वर्णद्वेषाविरुद्धचा त्यातील संदेश ध्यानात घेऊन ते अश्लील नाही असे ठरविले. चित्र शब्दांसह वाचावे, हा त्यातील बोध आहे.

सुनील गुप्ता ह्यांनी १९८६-८७ मध्ये दिल्लीत काढलेली 'एक्झाइल्स' ही चित्रमालिका ह्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तीत समलिंगी पुरुष स्मारकांपाशी व उद्यानांत दिसतात. ते नग्न नाहीत. मात्र कित्येकांचे चेहरे वळलेले किंवा चौकटीबाहेर राहिलेले आहेत. अमेरिकेतील नियतकालिकांत चेहरा उघडा होता व कटी झाकलेली होती. येथे देह वस्त्रात आहे आणि चेहरा झाकलेला आहे. ज्या अवयवाने मनुष्य ओळखला जाऊन त्याची हानी होईल, तोच झाकला जातो. प्रत्येक चित्राखाली संभाषणांतून टिपलेले एखाददुसरे वाक्य आहे. म्हणजे चित्राला नाव देण्याचे काम येथे चित्रशाळेने, विज्ञानाने, ग्रीसने वा व्यायामाने केलेले नसून त्या पुरुषांच्याच बोलण्याने केले आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून मुक्त केले; त्याच्या तीस वर्षे आधी हे बोलणे चित्राखाली उमटले होते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे पुढे दप्तरखान्यांत व संग्रहालयांत काम करतील, त्यांना ह्या इतिहासातून एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. छायाचित्राची नोंद करताना त्याच्या पाठीवरील मजकूर, पाकिटावरचा शिक्का, छापील शीर्षक व विक्रेत्याने दिलेले वर्णन ही सर्व जशीच्या तशी उतरून घ्यावीत. ती चित्राचाच भाग आहेत. मात्र तेच नाव अंतिम मानू नये. ज्या चित्राला 'व्यायाम' म्हटले गेले, ते कोणासाठी होते. ज्याला 'ग्रीस' म्हटले गेले, त्यातील मुलाचे वय काय होते व त्याची संमती होती काय. ह्या प्रश्नांसाठी नोंदवहीत एक रकाना मोकळा ठेवावा. बायारला स्वतःच्या चित्रामागे स्वतःचे शब्द लिहिता आले. आर्विन ह्यांच्याबाबतीत त्यांच्या रोजनिश्यांचे शब्दच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाले. पुढील पिढीतील कोणा अध्यापकाच्या घरातील कपाट उघडले जाईल, तेव्हा त्यातील चित्रांची नोंद पोलिसांच्या भाषेत न होता अभ्यासकाच्या भाषेत व्हावी, एवढी सिद्धता आपल्या विद्येने ठेवली पाहिजे.